मामांची डावी दाढ

स्वतःच्या जबड्याची माझ्या मामांइतकी काळजी केलेला माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात सापडणार नाही. त्याला कारणही तसंच होतं. ओला माल नेला की भाव पडतो, म्हणून सोयाबीन बाजारात न्यायचं की अजून वाळवायचं, हे बाभुळगावचे लोक मामांच्या डाव्या दाढेला विचारत. मामा एक दाणा तिच्याखाली धरत, जरा थांबत आणि सांगत, "आनखी एक ऊन दाखव." उजवीकडच्या दाढा त्यांच्या मते नुसत्या जेवायच्या. त्यांना ओल कळत नसे.

नेमकी तीच दाढ किडली आणि काढावी लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जागा रिकामी राहिली की तिथलं हाड झिजतं. आत्ताच खड्ड्यात हाडाची भुकटी भरली, तर पुढे नवा दात बसेल. मी सगळे प्रश्न कागदावर लिहून नेले होते, पण माळकरी मामांचा प्रश्न त्यात नव्हता.

"कोनाचं हाड हाय ते?"

जनावराची नसलेली भुकटीही मिळते, हे पुन्हा पुन्हा वदवून घेतल्यावरच त्यांनी तोंड उघडलं.

नवा दात बसला की पुन्हा दाणा पारखता येईल, या एकाच आशेवर जबड्याचा पहारा सुरू झाला. शिंक आली की मामा नाक सोडून गाल धरत. एसटीच्या धक्क्यानं हाड हलेल म्हणून ड्रायव्हरला विनवत, "हळू घे बापू, तोंडात काम चालू हाय." एकदा तर हनुवटीखालून डोक्यावर धोतराची पट्टी बांधून बसले. मामी भडकल्या. "असं मेलेल्या मानसाचं तोंड बांधतेत. सोडा पह्यले." पट्टी सुटली, पण रोज सकाळी माझा फोन वाजे.

"पोरी, हाड झिजून तं नाही राह्यलं?"

"मामा, मले फोनमधून हाड दिसत नाही." असं म्हणायचे खरी, पण फोन ठेवल्यावर मलाही चैन पडत नसे.

काही महिन्यांनी एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं. मामांनी विचारलं, "मंग नव्या दाताले दान्यातली ओल समजन नं?"

डॉक्टरीणबाई घुटमळल्या. "चावता येईल, काका. पण आपल्या दातासारखं जाणवणार नाही."

मामांनी गालावरचा हात खाली घेतला. मग म्हणाले, "लावा. जेवाले कामी येईन."

आता मी बाभुळगावला असताना कोणी सोयाबीन घेऊन आलं, की मामा दाणा माझ्या हातावर ठेवतात. मी चावते. ते कान माझ्याकडे करून आवाज ऐकतात आणि हळूच विचारतात, "तुले काय वाटते?"