वगळलेला कुठं जातो

आमच्या पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाचा मी नवा कोच. सहायक निवडायचाय, पण जिवाला स्वस्थता नाही. सुचवलेले तिघेही माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलावतात.

आज मी खेळणाऱ्या अकरा जणांची नावं वाचली. आमचा जुना स्ट्रायकर सागर त्यांत नव्हता. आता हा दुसऱ्या तालमीच्या संघात जातो का काय, असं मनात आलं. तो तडक गोलपोस्टकडं गेला. तिथं आमचे म्हातारे गोलकीपर बाबूमामा जाळं बांधत होते.

मामांनी समजूत काढली नाही. ‘हे टोक धर जरा,’ म्हणाले. गाठी मारता मारता सागर हसलासुद्धा.

सहायक सापडला होता. मामांना विचारायला गेलो. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि जाळ्याचं टोक पुढं केलं.