म्हाळूआप्पांच्या नावाची कळशी

शिरूरच्या बाजारपेठेत, भांड्यांच्या दुकानांच्या अगदी टोकाशी मेहमूदभाईंचं दुकान आहे. दुकान म्हणायचं ते त्यांनीच. त्यांच्या बायकोच्या, बेगमच्या मते ती शटर लावलेली अडगळ आहे. पुढच्या बाजूला नव्या भांड्यांवर नावं घालायचं मशीन, मागच्या बाजूला मोडीत आलेल्या तांब्यापितळेची पोती. लग्नसराईत मशीन दिवसभर घरघरत असतं: अमक्याकडून तमक्यास सप्रेम भेट. वर्षं उलटतात, घरात मॉड्युलर किचन येतं आणि तीच भांडी पोत्यातून परत मेहमूदभाईंकडे येतात. माणसांचं प्रेम येतं नावानिशी आणि जातं वजनावर, असं मेहमूदभाई म्हणत. हे वाक्य त्यांना स्वतःला इतकं आवडायचं की दुकानात गिऱ्हाईक नसलं तर ते बेगमलाच ऐकवत. ती बिचारी लसूण सोलत राही.

मोडीच्या धंद्यात पोतं आलं की वजन करायचं आणि पुण्याच्या व्यापाऱ्याला धाडून द्यायचं, एवढंच शहाणपण लागतं. मेहमूदभाईंकडे तेवढंही नव्हतं. नाव असलेलं भांडं दिसलं की ते बाजूला काढत. हे म्हणे कुणीतरी कुणालातरी मनापासून दिलेलं, ते भट्टीत कसं घालायचं? मग त्या नावाचा माणूस, नाहीतर त्याचं कुणी, शोधून भांडं त्याला नेऊन देत.

पहिला योगायोग खरा होता, हे आधी सांगितलं पाहिजे. ही खोड जडायच्या आधी, कवठे येमाईच्या एका घरातून आलेलं पितळी ताट त्यांनी दौंडच्या एका बाईंना विकलं. बाईंनी ताट उलटं केलं, नाव वाचलं आणि मटकन खालीच बसल्या. नाव त्यांच्या वारलेल्या मावशीचं होतं. ही गोष्ट शिरूर आणि दौंड, दोन्ही तालुक्यांत पसरली. दुसरा योगायोग निम्मा खरा होता. तिसऱ्यापासून मेहमूदभाईंनी योगायोगाला थोडा हातभार लावायला सुरुवात केली. चहाच्या टपरीवर बसून कोण कुणाचा कोण ते काढायचं, आणि मग भांडं घेऊन त्या घरावरून 'सहज चाललो व्हतो' म्हणत जायचं. शिरूर-दौंडात हे काही अवघड नाही. इथं दगड मारला तर तो कुणाच्या तरी व्याह्यालाच लागतो. पण लोक तोंडात बोटं घालत, 'मेहमूदभाईंच्या हाताला गुण हाय' म्हणत, आणि मेहमूदभाई 'वरच्याची मेहेरबानी' म्हणून मान खाली घालत. मान खाली घालून हसता येतं, हा त्यातला फायदा.

फजितीही होई. रांजणगावच्या एका कंपनीत कामाला असलेल्या गृहस्थाला त्यांनी त्याच्या सासऱ्याच्या नावाचा हंडा मोटारसायकलला बांधून घरपोच नेऊन दिला. तो नाईट करून झोपला होता. डोळे चोळत बाहेर आला, नाव वाचलं आणि म्हणाला, "अवो, हा घरातनं घालवायला मी किती दीस टपलोय! बायकू माहेराला गेल्यावर तवा कुठं जमलं." हंडा पुन्हा मोटारसायकलला बांधताना त्याने दोरी मात्र स्वतः आवळून दिली. हा किस्सा मेहमूदभाई स्वतःच रंगवून सांगत.

अशा या माणसाच्या ओट्यावर एक दिवस दौंड तालुक्यातल्या राहू गावच्या झुंबरबाई येऊन बसल्या. सत्तरीच्या, जाड काचांच्या चष्म्याच्या. चांगल्या बागायतदार घरातल्या, पण ओट्यावर बसल्या त्या एखादीचं लेकरू हरवावं तशा.

"मेहमूदभाऊ, तुमचं लई नाव ऐकलंय. माझी कळशी हुडकून द्या."

कळशी तांब्याची, त्यांच्या लग्नात थोरल्या भावानं दिलेली. वर नाव: 'चि. सौ. कां. झुंबर हीस म्हाळू गेणू यांजकडून'. हा भाऊ, कवठ्याचे म्हाळूआप्पा, कित्येक वर्षांत बहिणीच्या दारात आला नव्हता. कारण ऐकाल तर हसाल. झुंबरबाईंच्या मुलाच्या लग्नात मामाच्या आधी व्याह्याच्या डोक्याला फेटा बांधला गेला. फेटा बांधणाऱ्याची चूक. पण मामा ताटावरून उठून गेले ते गेलेच. आता नातवाचा, स्वराजचा साखरपुडा ठरला होता. झुंबरबाईंनी भावाला निरोप धाडला की दादा, तू ये, तुझ्याच कळशीतलं पाणी तुझ्या पायावर घालते. आप्पांनी येतो म्हणून कळवलं. मग झुंबरबाई माळ्यावर कळशी काढायला गेल्या, तर कळशी कुठाय? सुनेनं, अनितानं, जागा अडते म्हणून मागेच ती टेम्पोतून येणाऱ्या मोडवाल्याला देऊन नॉनस्टिकचा तवा घेतला होता.

"पोरीला तरी काय बोलू? तिला काय ठावं," झुंबरबाई म्हणाल्या. "पन दादाला कळलं की त्याची कळशी मोडीत दिली, तर त्यो माझ्या मातीलाबी यायचा न्हाई." आणि पदर तोंडाला लावून त्या रडायला लागल्या.

आता शहाणा माणूस काय म्हणाला असता? बघतो, मिळाली तर सांगतो. मेहमूदभाई म्हणाले, "आक्का, कळशी मिळाली म्हनून समजा." हे त्यांच्या तोंडून गेलं आणि मगच त्यांना कळलं की आपण काय बोललो.

पुढचे दिवस मेहमूदभाईंनी मोटारसायकलवर काढले. केडगाव, पाटस, दौंड, टेम्पोवाले, भंगारवाले, मोडवाले. दुकान बेगम सांभाळत होती. पोती येत होती, पोती जात होती, मेहमूदभाईंना घरचा माल उघडून बघायलाही सवड नव्हती. कळशी काही मिळाली नाही. साखरपुडा तोंडावर आला. एवढ्या दिवसांचं नाव मातीत जाणार म्हणून त्यांची जेवणावरची वासना उडाली. झुंबरबाईंचं रडणं आठवायचं हेही खरं, पण आधी आठवायचं ते नाव. हे त्यांनी नंतर स्वतःच कबूल केलं.

शेवटी एका दुपारी त्यांनी शटर अर्धं ओढून घेतलं आणि तशीच एक जुनी, बिननावाची कळशी पुढ्यात घेतली. जुन्या नावाला मशीन चालत नाही, छिन्नीनं टिंब टिंब ठोकावं लागतं. वडिलांची छिन्नी घेऊन त्यांनी झुंबरबाईंनी सांगितल्याबरहुकूम नाव ठोकलं, मग ठोक्यांची नवी चमक मरावी म्हणून कळशी चिंचेत भिजवून राखेत अशी लोळवली की तिला स्वतःलाच आपण जुन्या नावाच्या आहोत असं वाटावं. काम फक्कड झालं. दुसऱ्याच्या नावाची खोटी सही इतकी सुरेख जमल्यावर माणसाला जो आनंद होतो तो त्यांना झाला, आणि लगेच त्याची लाजही वाटली.

राहूला कळशी नेली तेव्हा त्यांनी सोबत एक गोष्टही नेली होती, दौंडच्या टेशनापाशी कसा योगायोग घडला त्याची. सांगायची गरजच पडली नाही. झुंबरबाईंनी कळशी पोटाशी धरली. "हीच! ह्यो पोचा बगा. नांदायला आले तवा गाडीतून पडली व्हती." मेहमूदभाईंना पोचा आहे हेच माहीत नव्हतं. आता परत फिरायची वाट बंद झाली.

साखरपुड्याचं आमंत्रण होतं. जाऊ नये हे त्यांना कळत होतं. तरी इस्त्रीचे कपडे घालून गेले. कौतुकाची चटक लागलेल्या माणसाला आमंत्रण नाकारता येत नाही.

म्हाळूआप्पा आले. काटकुळे, ताठ, हातात नायलॉनची जड पिशवी. कुणी घ्यायला गेलं तर पिशवी सोडेनात. दारातच झुंबरबाईंनी त्यांना पाटावर उभं केलं आणि कळशी वाकवली. आप्पांनी कळशीकडे पाहिलं, नाव वाचलं, मग बहिणीकडे पाहिलं. पुन्हा नाव वाचलं. पायावरून पाणी वाहत अंगणात गेलं तरी झुंबरबाई ओततच होत्या. कळशी रिकामी झाली तेव्हा म्हणाल्या, "दादा, लई वाळलास रं." आप्पा ताटावर बसले आणि पोटभर जेवले. मंडळींनी सुस्कारा सोडला. जेवण चालू असतानाच झुंबरबाईंनी भावाला ओळख करून दिली, "हे शिरूरचे मेहमूदभाऊ. भांड्यावर नावं घालत्यात." आप्पांनी हातातला घास तसाच धरून मेहमूदभाईंकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

निघताना आप्पा मेहमूदभाईंना म्हणाले, "मला शिरूरपतुर सोडा." मोटारसायकलवर मागे आप्पा, मध्ये पिशवी. पारगावपाशी भीमेचा पूल ओलांडून शिरूर तालुक्यात शिरल्यावर आप्पांनी खांद्यावर हात ठेवला. "थांबवा गाडी."

रस्त्याच्या कडेला, उसाच्या बांधावर त्यांनी पिशवीतून कळशी काढली. तांब्याची. तेच नाव, वाकडंतिकडं ठोकलेलं. "ही खरी. म्या सोता उभं ऱ्हाऊन नाव घालून घेतलेली. मग तिकडं हाय ती कुनाची?"

"आप्पा, ही तुमाला कुठं घावली?"

"तुमच्याच दुकानात. साखरपुड्याला न्यायला कळशी बगत व्हतो. जुना माल जड असतोय म्हनून ढिगातली एक उचलली, तर माझंच नाव. तुमच्या मालकिणीनं वजनावर दिली."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण मेहमूदभाईंनी लहानपणापासून ऐकली होती. ती कुणाच्या तरी बाबतीत शब्दशः खरी होत असेल आणि तो कुणीतरी आपणच असू, हे मात्र त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. ते बांधावर बसले आणि सुनेच्या तव्यापासून चिंचेपर्यंत सगळं सांगून टाकलं. गोष्टी रंगवून सांगणाऱ्या या माणसाने पहिल्यांदाच एक गोष्ट कोरडी सांगितली.

आप्पांनी एकच विचारलं. "रडली व्हती?"

"लई रडली. आमच्या वट्ट्यावर बसून."

आप्पा म्हणाले, "ही पिशवीतली मी चार लोकांत तिच्या म्होरं आपटनार व्हतो. आन् उठून जानार व्हतो, कायमचा. तिनं पायावर पानी घातलं आन् हातच उचलंना." त्यांनी उपरण्याने डोळे पुसले, अगदी उघड उघड. "तिला यातलं कायबी कळता कामा न्हाई. काय?"

"न्हाई आप्पा."

"आता अजून एक काम. ह्या कळशीवरचं नाव घासून काढा. सगळं. अर्धं ठेवलं तर बाई वळखंल. स्वराजच्या नवरीचं नाव घाला. लगनात आहेर करतो. बहिनीची कळशी बहिनीच्याच घरात जाऊ दे."

नाव असलेलं भांडं मोडायचं नाही म्हणणाऱ्या मेहमूदभाईंनी त्या आठवड्यात कानस घेऊन एक खरं नाव आपल्या हाताने घासलं. म्हाळू सहज गेलं. झुंबर जाता जाईना, फार खोल ठोकलेलं होतं. त्यांना खरंच वाईट वाटलं, आणि त्यांनी ते बेगमला सांगितलं. सगळंच सांगितलं. आयुष्यात घडलेला एकच अस्सल, बावनकशी योगायोग, आणि तो जगाला सांगायची चोरी! बेगमने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजी तुमी नसला की दुकान जास्त चांगलं चालतं."

लग्न झालं. आप्पा बहिणीकडे चांगले मुक्काम ठोकून राहिले. मेहमूदभाई भेटायला गेले तेव्हा झुंबरबाई त्यांना हाताला धरून आत घेऊन गेल्या. फळीवर दोन कळश्या शेजारी शेजारी होत्या. एकीला हळदकुंकू लावलेलं, दुसरी कोरी, चकचकीत, मशीनच्या गुळगुळीत अक्षरांची. दारात आप्पा उभे होते, छताकडे बघत.

"ही दादानं नातसुनंला दिली," झुंबरबाई हळूच म्हणाल्या. "बरी हाय. पन खरं सांगू का, हल्लीच्या मालात त्यो दम न्हाई. जरा उचलून बगा दोनी. माझीच जड हाय का न्हाई?"

मेहमूदभाईंनी एकेक कळशी उचलून पाहिली, आणि हळदकुंकवाची जपून जागेवर ठेवली.

"व्हय आक्का," ते म्हणाले. "तुमचीच जड हाय."