मंजुळाचं माप

माझी धाकटी जाऊ मंजुळा हिच्याबद्दल मी गोड गोड लिहीन अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. जे लिहीन ते खरं असेल, एवढंच सांगते.

ती लग्न होऊन डोंबिवलीला आमच्या घरात आली ते एक्क्याऐंशी साल. विष्णूनगरमधल्या दोन खोल्यांत सासूबाई, मी, हे आणि आमच्या लहान पोरी, लग्नाची नणंद आणि माझा दीर हरिहर असे आम्ही राहायचो. मंजुळा कल्याणजवळच्या मोहन्याची. तिचे वडील तिथल्या रेयॉनच्या कारखान्यात फोरमन होते. त्यामुळे तिला कॉलनीतल्या घराची सवय, कॉलनीतल्या क्लबची सवय आणि अधूनमधून इंग्रजीची सवय. ती स्वतः ठाण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तिचा आवाज असा, की राँग नंबर लागलेला माणूससुद्धा थँक्यू म्हणून फोन ठेवायचा. रंग गोरा, उंची बेताची नव्हे, चांगली, केस कमरेपर्यंत. देवाने एका घरात दोन सुना द्याव्यात आणि वाटणी अशी करावी.

पुढे ती दोघं नौपाड्यात फ्लॅट घेऊन गेली. तिथे नळाला दिवसभर पाणी. शिवाय हिला खात्याकडून फोन. इकडे आम्ही पहाटे नळाखाली बादल्यांची रांग लावायचो, आणि फोन करायचा तर खालच्या वाण्याकडे तोंड वेंगाडत जायचो. दर सणाला मी तिच्याकडे जायची, सगळं बघायची, छान छान म्हणायची आणि परत येताना डोंबिवली येईपर्यंत ह्यांच्याशी एक शब्द बोलायची नाही. हे बिचारे विचारायचे, काय झालं? काय सांगणार? तिच्या मोरीत गरम पाण्याचा नळ आहे, हे झालं होतं.

माझ्याकडे एकच गोष्ट होती. मी भरल्या अंगाची होते. आता चाळिशी उलटल्यावर हे सांगायला लाजायचं कशाला? सासूबाई चारचौघींत म्हणायच्या, "साडी नेसावी तर आमच्या थोरलीने." मंजुळाच्या अंगावर पैठणीसुद्धा दांडीवर वाळत घातल्यासारखी दिसायची, कारण छातीला ती अगदी सपाट. लग्नकार्यात ती ब्लाऊजमध्ये कापूस भरायची, हे मला ठाऊक होतं. नणंदेच्या लग्नात तो कापूस एका बाजूला सरकला आणि ती तशीच पंगतीत जिलबी वाढत राहिली. मी पाहिलं, तिला सांगितलं नाही आणि निवांत विडा तोंडात टाकला.

तर एवढं एक माझं होतं. ते नोकरी करून, हप्ते भरून किंवा साहेबाला सांगून मिळण्यासारखं नव्हतं. त्या बाबतीत मी निर्धास्त होते.

पंच्याण्णवच्या दिवाळीनंतर एका दुपारी मंजुळा एकटीच डोंबिवलीला आली. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलली आणि मग कप बाजूला ठेवून म्हणाली, "वहिनी, माझ्याबरोबर ठाण्याला डॉक्टरकडे याल का? छातीचं दाखवायचंय."

माझ्या मावशीला अशीच गाठ निघालेली, वर्षभरात सगळं आटोपलं. मी मंजुळाचा हात घट्ट धरला. मनातल्या मनात देवीला नारळ बोलले. "कधी लागली गं हाताला? भाऊजींना सांगितलंस का?"

"गाठबीठ नाही हो," ती म्हणाली. "मला मोठी करून घ्यायचीय. ऑपरेशन असतं त्याचं. आत सिलिकॉनच्या पिशव्या बसवतात. मी एकदा जाऊन आलेय. आता साइज ठरवायचीय."

मी हात सोडला.

गाठ असती तर मी महिनाभर तिच्या उशाशी बसले असते. दुसऱ्याच्या दुःखात मी फार चांगली वागते, आमच्या नात्यात माझी तशी ख्यातीच आहे. सुखाचं मला जमत नाही.

"हे काय भलतंच?" मी म्हणाले. "लेकाला मिसरूड फुटायला आलंय तुझ्या. आता कुणासाठी हे?"

"माझ्यासाठी. आंघोळ झाली की मी आरशाकडे पाठ करून कपडे घालते, वहिनी. लग्नाच्या आधीपासून. हरिहर म्हणतो, तू आहेस तशीच आवडतेस. तो चांगला आहे म्हणून म्हणतो. पण कपडे तर मला घालायचे असतात ना."

"मग एक्स्चेंजमधली एखादी मैत्रीण ने."

"त्यांना नाही सांगायचंय. मला तुम्हीच हव्यात."

म्हणजे माझ्याशिवाय हिला विश्वासाचं कुणी नाही, असा मी त्याचा अर्थ घेतला. एवढा फ्लॅट, एवढा फोन, आणि शेवटी आली ती माझ्याच दारात. बरं वाटलं मला. मी हो म्हणाले.

डॉक्टरीणबाई मुंबईच्या होत्या, ठाण्यात आठवड्यातून दोनदा येत. शांत बाई. मंजुळाला तपासायच्या टेबलावर बसवून त्यांनी विचारलं, "तुमच्या मनात साधारण किती आहे?"

मंजुळाने पर्स उघडली आणि आतून काय काढलं असेल? माझा ब्लाऊज. जांभळा, जरीच्या काठाचा, गणपतीत 'गळा छान आहे, आमच्या शिंप्याला दाखवते' म्हणून मागून नेलेला. आपण बायका शिंप्याकडे मापाला अंगात बसणारा ब्लाऊज देतो, तशी तिने त्याची घडी डॉक्टरांपुढे ठेवली. "असं हवंय," म्हणाली.

माझी कानशिलं तापली. कपडा गेल्याचं मला काही नव्हतं. मी तिथे उभी असताना ती माझंच अंग मापाला देत होती, आणि तेही न विचारता.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या खांद्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "असं सांगता येत नाही. ह्यांची चण रुंद आहे, तुमची अरुंद. तीच पिशवी दोघींच्या अंगावर निराळी दिसेल." मग त्यांनी मापपट्टी घेऊन मंजुळाच्या छातीची रुंदी घेतली, कातडी चिमटीत धरून किती सैल आहे ते पाहिलं. "पिशवीचा घेर तुमच्या घेरात मावला पाहिजे. हौसेने त्याहून मोठी घातली तर काखेकडे सरकते, कातडी ताणून पातळ होते, पुढे सगळं ओघळतं. आणि ही जन्मभराची वस्तू नाही, कधीतरी बदलावी लागू शकते, हेही लक्षात ठेवा. तुमच्या अंगाला पावणेदोनशे ते अडीचशे सी. सी. चालेल. त्यातलं कुठलं, ते मी सांगणार नाही. तुम्ही ठरवा."

"कसं ठरवू?" मंजुळाने विचारलं.

"तांदूळ घ्या. मापाच्या बाटलीने मोजून पातळ पिशवीत भरा, घट्ट ब्रेसियरमध्ये घाला आणि घरात वावरून बघा. वाका, जिने चढा, साडी नेसा. मग या."

हा प्रयोग माझ्या घरी झाला, कारण तिच्याकडे मुलगा आणि कामवाली. हे ऑफिसला, पोरी कॉलेजला, सासूबाई कल्याणला लेकीकडे. मी माळ्यावरून पोरींची जुनी दुधाची बाटली काढली, तिच्यावर आकडे होते. जुन्या धोतराच्या मऊ कापडाच्या खोळी मशीनवर शिवून दिल्या, म्हणजे प्लास्टिक फाटायला नको. तांदूळ मात्र मी रेशनचा काढला. आंबेमोहराचा डबा शेजारीच होता. तिच्या छातीसाठी मी आंबेमोहर का काढू?

आधी पावणेदोनशे. मंजुळा आतल्या खोलीतून बाहेर आली. कापूस घालायची तेव्हा दिसायची, त्याच्यापेक्षा काही फार वेगळी दिसत नव्हती. "छान दिसतंय गं," मी अगदी मनापासून म्हणाले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली.

मग दोनशे. "हेही छान. अगदी आपलं वाटतं बघ." ती नुसती हं म्हणाली आणि पुन्हा आत गेली.

तिसऱ्या वेळेला ती पदर खांद्यावर टाकत आली, ती सरळ खिडकीपाशी माठातलं पाणी प्यायला गेली. पाणी पिताना तिने हात वर केला आणि मला दिसलं, की साडी हिच्या अंगावर बसली. कुठे चोळामोळा नाही, कुठे पोकळ नाही. हे असं हिला पहिल्यापासूनच असायला हवं होतं आणि मधे काहीतरी चूक झाली होती, इतकं ते तिला शोभत होतं. ती गोरी, ती उंच, ते केस, तो आवाज, आणि आता वर हेसुद्धा. माझ्या अंगाची आग आग झाली. ते सव्वादोनशे होतं.

"बरं आहे," मी म्हणाले. "पण जरा बटबटीत वाटतं."

"हो का?" ती म्हणाली.

शेवटी अडीचशे, आणि देवाने माझं ऐकलं. तिच्या त्या काटकुळ्या खांद्यांखाली ते ओझं असं दिसत होतं, की नाटकात बाईचं काम करणारा पुरुष बरा. माझा जीव भांड्यात पडला. "हे बघ, हेच घे," मी तिला म्हणाले. "एकदाच करायचं, तर भरघोस करून घे. कुणासाठी काटकसर करायची?" चहा घेतानाही मी तेच म्हणाले. तिला पोचवायला स्टेशनपर्यंत गेले, तेव्हा ठाकुर्लीकडून गाडी येताना दिसेपर्यंत मी तिला अडीचशेचं महत्त्व सांगत होते. ती माझ्या तोंडाकडे बघत ऐकत होती. मला वाटलं, पटलं हिला.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि मंजुळा म्हणाली, "सव्वादोनशे."

"तुमच्या अंगाकडे बघता मीसुद्धा तेच निवडलं असतं," बाई म्हणाल्या.

"अगं, पण आपलं अडीचशे ठरलेलं ना?" मी म्हणाले. बाईंनी तोवर कागदावर आकडा लिहूनही टाकला होता.

ऑपरेशन झालं तेव्हा मी ठाण्याला जाऊन राहिले. तिला हात वर करता येत नव्हते, साधी बादली उचलायची नव्हती. मी तिची वेणी घातली, तिला भात कालवून भरवला, कण्हायला लागली की पाठीवरून हात फिरवला. कुणी म्हणेल ढोंग. मुळीच नाही. तिला दुखत होतं तोवर माझा तिच्यावर खरा जीव होता. टाके सुकत गेले तसा तो ओसरला.

उन्हाळ्यात कल्याणला ह्यांच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. मंजुळा मोतिया रंगाची साडी नेसून हॉलमध्ये आली आणि बायका बोलता बोलता थांबल्या. ऑपरेशनचं कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणाला शंकाही आली नाही, हीच तर त्या मापाची करामत. सासूबाई विहिणीला सांगत होत्या, "धाकटीने आता अंग धरलंय हो. ठाण्याचं पाणी मानवलं तिला. साडी नेसावी तर हिने." मग त्यांची नजर माझ्यावर आली. "थोरली मात्र सुटली अलीकडे," त्या म्हणाल्या.

सुटली. मी जेवणाच्या हॉलमधून उठले आणि मागच्या बाजूला, जिथे भांडी उतरवत होते, तिथे जाऊन एका खुर्चीवर बसले. मला रडू येत होतं आणि रडण्याचं कारण कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. थोड्या वेळाने मंजुळा पाण्याचा पेला घेऊन आली आणि शेजारी बसली.

मला राहवलं नाही. "मी इतकं सांगत होते, तरी तू अडीचशे का नाही घेतलंस?"

"सांगू? रागवायचं नाही हां." फोनवर बोलायची त्याच आवाजात ती म्हणाली, "पावणेदोनशेला तुम्ही छान म्हणालात. दोनशेला छान म्हणालात. अडीचशेला तर किती कौतुक केलंत. सव्वादोनशेला तुमचा चेहरा उतरला, वहिनी. तिथेच माझं ठरलं."

मी तिच्या हातातला पेला घेतला आणि एका दमात रिकामा केला.

"हरिहर सगळ्यालाच छान म्हणतो. मैत्रिणी तोंडावर गोड बोलतात. डॉक्टर सेंटिमीटर सांगते. खरं सांगणारं माझ्याकडे दुसरं कोण आहे? फ्लॅट घेताना आम्ही तुम्हाला सगळ्या जागा दाखवायला नेलेलं, आठवतं? सगळ्यांची तुम्ही तारीफ केलीत. नौपाड्याच्या जागेत शिरल्यावर म्हणालात, माझं डोकं दुखतंय, घरी जाऊ या. आम्ही दुसऱ्या दिवशी तीच बुक केली. ही साडीसुद्धा तुम्ही 'रंग फिका आहे' म्हणालात म्हणून घेतलेली."

म्हणजे त्या घरातल्या ज्या ज्या वस्तूवर मी इतकी वर्षं जळत आले, ती ती वस्तू माझ्याच जळण्यातून तिथे आली होती. फ्लॅट मी पसंत केला होता, साड्या मी पसंत केल्या होत्या, आणि ज्या अंगामुळे आज मी सुटलेली ठरले, तेही मीच माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून, मशीनवर खोळी शिवून तिला निवडून दिलं होतं. आणि मला वाटत होतं, माझ्या मनातलं आजवर कुणाला कळलं नाही.

"मग आता बघ माझ्याकडे," मी म्हणाले. "आता काय दिसतंय चेहऱ्यावर?"

तिने खरंच पाहिलं. घाई न करता, नीट, कपाळापासून हनुवटीपर्यंत. मग उठून उभी राहिली आणि खांद्यावरचा पदर सारखा केला.

"काही नाही हो," ती म्हणाली. "माप बरोबर बसलंय."