दहा सह्यांचं मशीन

ती घटना मी केव्हाच विसरलो असतो. पण माझी फजिती झालेली कुठलीही केस विसरायची नाही, असा घरच्यांचा दंडक आहे.

म्हसावदकडच्या एका गावातला माणूस फिर्याद घेऊन ठाण्यात आला. बायकोचं शिलाई मशीन चोरीला गेलं होतं. बायको सोबत होती, बोलत मात्र तोच होता. मशीन कर्जावर घेतलेलं. एका फायनान्स कंपनीने दहा बायकांचा गट करून कर्ज दिलं होतं. एकीचा हप्ता चुकला तर उरलेल्या नऊजणींनी भरायचा, अशा सगळ्यांच्या सह्या.

दुसऱ्या दिवशी खबर मिळाली, की कंपनीचा वसुलीवाला हप्त्याचा वार नसताना गावात दिसला होता. झालं! थकबाकीपोटी यानेच मशीन उचललं, हे मी खुर्चीतून न उठता ओळखलं. त्याला बाकावर बसवून दोन तास माझा ठेवणीतला आवाज ऐकवला. शेवटी त्याने हप्त्यांचं रजिस्टर पुढे केलं. त्या बाईचा एकही हप्ता थकला नव्हता. मी त्याला चहा पाजला.

चौथ्या दिवशी बाई जबाबाला आली. आमच्या महिला हवालदार हळूच म्हणाल्या, "साहेब, मशीन जाऊन चार दिवस झाले. मग हिच्या पदराला ताजे धागे कसे?"

पदर मीही पाहिला होता.

बाईला वेगळ्या खोलीत विचारलं, ती पदराचे धागे वेचत बसली. तिला बोलावल्याचं कळताच गटातल्या नऊजणी ठाण्यात हजर झाल्या. मशीन कोणी उचललं, म्हणून मी दरडावलं. गटप्रमुख म्हणाली, मी. दुसरी म्हणाली, मी. अशा नऊही. प्रत्येक आरोपीची भूमिका वेगळी लिहायची असते. इथे भूमिका एक आणि दावेदार नऊ. मी पेन खाली ठेवलं.

"साहेब, तिना नवरा सट्टासाठे मशीन इकाले निंघना व्हता," गटप्रमुख म्हणाली. "मशीन गयं ते ती हप्ता कसा भरी?"

मशीन गटप्रमुखाच्याच घरात, कपाशीच्या गाठोड्यांमागे होतं. बाई निंदणीला जाते म्हणून निघायची आणि तिथे ब्लाऊज शिवायची. मशीन विकायला निघालेल्या नवऱ्याला या लपवण्यातली तिची संमती कळली असती, तर त्याने तिची हाडं मोडली असती. म्हणून चोरी नऊजणींनी अंगावर घेतली होती.

मी विचारलं, गुन्हा दाखल झाला तर?

"मंग काय. हप्ता नऊजणी भरतस, जेलमा बी नऊजणी जासूत."

मी नवऱ्याला मशीनची पावती आणायला लावली. पावती बायकोच्या नावावर. मालकीण तीच, तर तक्रारही तिचीच हवी. सगळ्यांसमोर तिला विचारलं. तिने आधी त्या नऊजणींकडे पाहिलं.

"नही साहेब, तक्रार नही. मशीन तठेच ऱ्हाऊ द्या."

बाहेर पडताना गटप्रमुख नवऱ्याला म्हणाली, "तिले हात लावशी, ते नऊ घरले जबाब देना पडी." हे मला ऐकू आलं नाही. पुढे काही महिने महिला हवालदार त्या घरी चक्कर टाकत राहिल्या. डायरीत मी 'फिर्यादीचा गैरसमज दूर झाला' अशी नोंद केली. खरं तर दूर झाला तो माझा.

एकीपायी नऊजणींना अडकवणारं ते कर्ज मला आजही पटत नाही. हप्ता खरोखर बुडाला असता, तर याच बायका तिच्या दारात भांडायला उभ्या राहिल्या असत्या. तेही मी इतरत्र पाहिलंय. मग मशीन त्यांनी मायेने लपवलं, की स्वतःचे पैसे वाचवायला? पोलिसी खोडीने मी वर्षानुवर्षं यातला एक हेतू शोधत बसलो. दोन्ही असू शकतात, हे कळेपर्यंत निवृत्त झालो.