टाळ्या वाजवणारी मुलगी

पडद्यांच्या दुकानात ती शिलाई मशीनवर बसली होती, तेव्हा रेडिओवर ते गाणं पहिल्यांदा लागलं. नावाजलेल्या रॉक बँडचं नवंकोरं गाणं, आणि तेही याच शहरातल्या जुन्या गाण्याबजावण्याच्या दिवसांवर. तळघरातला हॉल, घामाने अंगाला चिकटलेले शर्ट, खरखरणारा स्पीकर. तिचा पाय मशीनच्या पॅडलवरच थांबला. सगळं ओळखीचं होतं. मग कडवं आलं: लाल रुमाल बांधलेली एक मुलगी, कोपऱ्यात उभी राहून आमच्यासाठी टाळ्या वाजवणारी.

लाल रुमाल बांधणारी त्या तळघरात एकच मुलगी होती, आणि ती ड्रममागे बसायची. पोरं तिला 'धडाम' म्हणायची. याच बँडचे ड्रम पहिली काही वर्षं तिने वाजवले होते. बाळंतपणासाठी ती थांबली, त्यांनी दुसरा गडी घेतला, बँड मोठा झाला. त्याबद्दल तिने कधी चकार शब्द काढला नव्हता.

संध्याकाळी नणंदेचा फोन. "अगं वहिनी, तुझ्यावर गाणं आलंय! नशीब काढलंस!" नवराही खुशीत. तिच्या अंगाचा मात्र तिळपापड झाला.

पुढच्याच आठवड्यात बँड गाण्याच्या चित्रीकरणासाठी शहरात आला. तळघरात आता टायरचं गोदाम होतं. 'ये, कॅमेऱ्यासमोर टाळ्या वाजव,' असा गायकाचा निरोप आला. ती गेली, पण जाब विचारायला.

"धडाम! किती दिवसांनी!" गायक मिठी मारायला पुढे झाला.

ती मागे सरकली. "मी टाळ्या कधी वाजवल्या रे?"

"अगं, गाणं आहे ते. थोडं इकडचं तिकडे होतंच."

"मग स्वतःला का नाही उभं केलंस कोपऱ्यात?"

तो हळू आवाजात म्हणाला, "ड्रमवाली म्हटलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, ती कोण, आता कुठंय. उगाच फाटे फुटले असते."

"फुटू देत की! माझे हात सोलवटले होते त्या ड्रमवर, आणि तू मला बघ्यांत नेऊन बसवलंस?"

ती तडक निघून आली. दुसऱ्या एका बाईला लाल रुमाल बांधून त्यांनी काम उरकलं.

"जाऊ दे ना आता," नवरा म्हणाला. 'जाऊ दे' ऐकून तिच्या डोक्यात तिडीक गेली. रविवारी रेडिओवर श्रोत्यांचे फोन घेत होते. तिने लावला आणि गाण्यातली लाल रुमालवाली आपणच, असं सांगितलं.

"तुम्हीच का त्या टाळ्यांवाल्या?" निवेदिका लाडात म्हणाली.

"नाही. मी ड्रमवाली. त्या गाण्यात खोटं—"

फोन कट. लगेच जाहिरात.

सासूबाई शेजारी बसून सगळं ऐकत होत्या. सून ड्रम बडवते म्हणून एके काळी त्यांनीच घर डोक्यावर घेतलं होतं. त्या म्हणाल्या, "परत लाव."

"घेणार नाहीत, आई."

"माझ्या फोनवरून लाव. सूनबाई काय वाजवायची ते मी सांगते त्यांना. माझे कान किटले होते, मला नाही तर कुणाला माहीत असणार?"

फोन लागला, आणि सासूबाईंनी निवेदिकेला मध्ये तोंड उघडू दिलं नाही.

गाणं काही बदललं नाही. अजून सगळीकडे वाजतं. दुकानात ते लागलं की ती उठून रेडिओ बंद करते, आणि गिऱ्हाइकाने का म्हणून विचारलं, तर कात्री खाली ठेवून पहिल्यापासून सांगते.