आखूड नळीची रायफल
रायफलच्या तेलाचा वास आला की नंदुरबारबाहेरच्या टेकडीखालचं आमच्या कॉलेजचं नेमबाजी शिबिर आठवतं. संघात एकच जागा होती आणि शेवटी उरलो होतो मी आणि माझी मैत्रीण. मला लांब नळीची रायफल मिळाली. तिला आखूड नळीची, वर जुन्या, कमी जोराच्या गोळ्या. तिची पाचही भोकं रुपयाएवढ्या जागेत पडली, पण काळ्या वर्तुळाच्या चार बोटं खाली. “हात हलतोय तुझा,” सर म्हणाले. “सर, मन्हा हात हालना नही,” म्हणत ती माझ्याकडे बघू लागली. आखूड नळीत गोळीला पुरता वेग मिळत नाही, ती खाली जाते, हे आम्ही दोघी एकत्रच शिकलो होतो. ते सरांना न सांगता मी माझ्या रायफलला तेल लावत राहिले. निवड माझी झाली, पुढे त्यावरच नोकरी लागली. ती आता मिरचीची देठं खुडायला जाते, आणि समोरून येताना दिसली की मी रस्ता बदलते.