कोऱ्या नळीतलं मांजर

माझी आत्या आयुष्यभर एकाचे दोन आणि दोनाचे चार करत राहिली. डीएनएचे. जनावराच्या केसात किंवा लाळेच्या थेंबात तो इतका थोडा असतो की वाचायला घ्यावा तर हाती काही लागत नाही. म्हणून आधी त्याच्या नकला काढायच्या, मग नकलांच्या नकला. नळी तापवली की डीएनएचे दोन धागे सुटे होतात, निववली की प्रत्येक धाग्याला नवा जोडीदार विणला जातो. तापव, निवव, पुन्हा तापव. सकाळी चिमूटभर असलेलं दुपारपर्यंत कोट्यवधी होतं.

लग्नानंतर सासूबाईंनी विचारलं, "तू तिथं दिवसभर करतेस तरी काय?"

"एकाचे दोन करते."

"मग आधी स्वतःचे कर. एक घरी ठेव, एक जाऊ दे तिकडे."

आत्याला सासू त्या क्षणी आवडली आणि शेवटपर्यंत आवडत राहिली.

तिने काम सुरू केलं तेव्हा तापवायचं-निववायचं यंत्र तिच्या प्रयोगशाळेत नव्हतं. टेबलावर गरम पाण्याच्या तीन टाक्या, एक उकळीच्या जवळची, एक कोमट, एक मधली. आत्या मध्ये स्टुलावर बसून नळ्यांची जाळी या टाकीतून त्या टाकीत हलवायची. एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात जाळी. शिंक आली तरी वेळ बघून शिंकायची, असं ती सांगते आणि मला ते खरं वाटतं. पुढे यंत्र आलं, तेव्हा पहिले काही दिवस ती सवयीने त्याच्यासमोर बसून राही. यंत्राला कंटाळा कसा येत नाही, याचं तिला कोडं पडलं होतं.

प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणजे मोठे सर. कडक माणूस. कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, आणि चालू कामाच्या नळ्यांवर वाकून भाषण द्यायची सवय. एका मुलीने कुत्रा आजारी आहे म्हणून रजा मागितली, तर सगळ्यांसमोर म्हणाले, "जनावरांचे लाड करायचे असतील तर सर्कशीत नोकरी धरा."

एकदा वनखात्याने त्यांच्याकडे डब्या पाठवल्या. डोंगरातल्या जंगलात पूर्वी एक छोटं रानमांजर होतं. ते कुणी पाहिल्याला जमाना लोटला होता. रखवालदारांनी जंगलभर फिरून विष्ठा गोळा केली होती. त्यातून ते मांजर अजून आहे का, हे शोधायचं होतं. आत्याने मार्जारकुळातल्या कुठल्याही प्राण्याचा डीएनए पकडणारी चाचणी बसवली. निकाल आला, मांजर सापडलं. पहिल्या डबीत सापडलं, दुसऱ्या डबीत सापडलं, सगळ्या डब्यांत सापडलं.

मोठे सर हरखले. "जंगल नुसतं भरलंय मांजरांनी! मी पत्रकारांना बोलावतो."

"सर, पाण्यातही सापडलंय," आत्या म्हणाली.

प्रत्येक वेळी एक नळी नुसत्या शुद्ध पाण्याची ठेवतात. ती कोरी राहिली पाहिजे. तिच्यात काही उगवलं, तर बाहेरून काहीतरी शिरलंय असं समजायचं आणि बाकीच्या नळ्यांवरही भरवसा ठेवायचा नाही. सर म्हणाले, "पाणी बदला." आत्याने पाणी बदललं, रसायनं बदलली, हातमोजे बदलले. पाण्यात मांजर होतंच. शेवटी तिने त्या नळीतल्या डीएनएची अक्षरं वाचून घेतली. ते रानमांजर नव्हतंच. गल्लीबोळात फिरतं ते साधं घरगुती मांजर होतं.

तिने सगळ्यांना विचारलं, घरी मांजर कुणाकडे आहे? कुणाकडेच नव्हतं. मग तिने प्रत्येकाच्या कोटावर चिकटपट्टी लावून काढली आणि पट्ट्या तपासल्या. सगळ्या स्वच्छ. राहिला एकच कोट.

"माझा कोट?" मोठे सर म्हणाले. "मॅडम, मी इथला प्रमुख आहे."

"हो सर, ते कोटालाही माहीत आहे," असं आत्या मनात म्हणाली आणि उघडपणे म्हणाली, "तसं नाही सर. खांद्यावर तुमच्या भिंतीचा चुना लागलाय." आणि त्यांनी मान वळवायच्या आत पट्टी फिरवून मोकळी झाली.

पट्टीत तेच मांजर निघालं. आत्या तिथेच थांबली असती तर ती माझी आत्या नसती. तिने एक जादा चाचणी लावली. तिच्यात नराच्या दोन रेघा उमटतात आणि मादीची एकच.

पत्रकार यायच्या आदल्या दिवशी ती सरांच्या खोलीत गेली. तिने दार लावून घेतलं.

"सर, उद्याची पत्रकार परिषद रद्द करा. आपलं मांजर जंगलातलं नाही. कुणाच्यातरी कपड्यांवरून आलंय."

"कुणाच्या?" सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "हा बेशिस्तपणा आहे! नाव सांगा."

"नाव नाही कळत सर डीएनएवरून. एवढंच कळतं की मांजर मादी आहे."

सरांचा हात थांबला. "पैलवान मादी आहे?"

आत्या सांगते, तिने तेव्हा गाल आतून इतके चावले की संध्याकाळी तिला जेवता येईना.

मग सगळं बाहेर आलं. सरांच्या पत्नीला मांजर घरात खपत नव्हतं. म्हणून सर स्कूटरच्या शेडमध्ये एक भटकं मांजर पाळत होते. बोका समजून त्याचं नाव पैलवान ठेवलं होतं, आणि सर कामावरून आले की त्याच्याखाली अंथरायला त्यांचा कोट असे.

"मिसेसना सांगू नका," सर म्हणाले. आवाजात पहिल्यांदाच प्रमुखपण नव्हतं.

"नाही सांगणार. पण कोट यापुढे इथेच राहील. आणि नळ्यांवर वाकून बोलायचं नाही. आणि त्या मुलीला कुत्र्यासाठी रजा द्यायची."

सर कबूल झाले. काय करतात!

पत्रकारांना कळवलं, निकाल पुन्हा तपासतोय. आत्याने मिश्रणं भरण्यासाठी वेगळी खोली मागितली आणि तिला मिळाली. तिथे केस झाकूनच शिरायचं, बाहेरचा कोट बाहेर. डब्या पुन्हा तपासल्या. बहुतेकांत मांजर नव्हतंच, दुसऱ्या चाचणीत त्या कोल्ह्याच्या निघाल्या. मात्र ओढ्याकाठच्या मोजक्या डब्यांत खरोखरच ते रानमांजर होतं. या वेळी पाण्याची नळी कोरी होती. आत्याने ती दिव्याखाली धरून पुन्हा पुन्हा बघितली. तिला रानमांजरापेक्षा त्या कोऱ्या नळीचाच आनंद जास्त झाला होता, असं माझं मत आहे.

या शोधाच्या निबंधावर पहिलं नाव सरांचं लागलं. आत्या चार दिवस धुमसली. पण नळ्यांत भलतंच काही उगवायला लागलं की लोक सरांना नाही, तिला फोन करायला लागले. ती बॅग घेऊन परक्या प्रयोगशाळांत जाई, कुणाच्या डबा खाण्याच्या जागेवर, कुणाच्या पंख्यावर बोट ठेवी आणि भांडण लावून परत येई. तिला 'झाडूवाली डॉक्टर' असं नाव पडलं. ते तिने अभिमानाने मिरवलं.

ती निवृत्त झाल्यावर जंगलातल्या रखवालदारांनी तिला आग्रहाने ओढ्याकाठी नेलं. दिवसभर दगडावर बसून राहिली. रानमांजर काही दिसलं नाही.

घरी आली तेव्हा मी विचारलं, "मग? फुकट गेली चक्कर?"

"छे गं," आत्या बूट काढत म्हणाली, "विष्ठा मिळाली की. एकदम ताजी!"